येशूची आत्या

नागपूर, शाळेचे वसतिगृह
मंगळवार, ता. १५ डिसेंबर १९३६

सौ. प्रेमा वहिनीस,
वच्छलाचा नमस्कार.

आईने बजावलं आहे की प्रेमलता आता तुझी वहिनी झाली, तिला नुसत्या नावाने हाक मारत जाऊ नकोस. म्हणून 'वहिनी' लिहिलं. 'अहो' मात्र लिहिणार नाही. एका बाकावर बसून जिच्या पाटीवरची गणितं उतरवली तिला अहो-जाहो करायला माझी जीभ वळायची नाही.

मुलगा झाल्याची दादाची तार शनिवारी आली. तार म्हटल्यावर मेट्रनबाईंना वाटलं कुणीतरी गेलं. त्यांनी मला आधी खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं आणि मग कागद हातात दिला. त्यानंतर सगळ्या खोलीत साखर वाटली. तू आणि बाळ खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं.

काल आईचंही पत्र आलं. तुझ्या लाडवात डिंक किती घातला, तुला शेक कसा देतात, तू किती सोशिक आहेस, असं सगळं त्यात आहे. माझ्या खोकल्याची चौकशी शेवटी कोपऱ्यात उभी लिहिली आहे, तीही कागद उरला म्हणून. माझी मैत्रीण दादाने नेली आणि माझी आई तू घेतलीस. हे मी थट्टेने लिहिते आहे असं समज. पण तू मला ओळखतेस.

इथे नाताळची धांदल आहे. लहान मुली बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद चिकटवून चांदण्या करताहेत, सगळ्या व्हरांड्यात खळ सांडली आहे. सकाळी ड्रिल, दुपारी गाणी, संध्याकाळी नाटकाची तालीम. भूगोलाच्या बाई वर्गात येतात आणि निम्मी बाकं रिकामी बघून परत जातात. मिस ग्रीव्हज सायकलवरून साऱ्या आवारात फिरतात आणि ज्याला-त्याला 'घाई करू नका' म्हणून सांगतात. त्यामुळे सगळे आणखी घाई करतात.

काल यमुताईंनी नाटकातली कामं वाटली. ट्रंकेतून मरियेचा निळा शालू काढून उन्हात टाकला, त्याला अजून तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास येतो. मरियेचं काम वरच्या वर्गातल्या मुलीला द्यायचं ही इथली रीत तुला ठाऊकच आहे, आणि तू गेल्यावर वरच्या वर्गात कोण उरलं तेही ठाऊक आहे. जास्त काय लिहू.

पंचफुला नावाची एक नवी मुलगी मौद्याहून आली आहे. गळा गोड आहे म्हणतात. नळावर भांडी घासताना ती गाते तर यमुताई चालता चालता थांबतात. मला तिचा राग येतो. तिने माझं काहीएक केलेलं नाही, म्हणून जास्तच येतो.

नाटक शनिवारी आहे. रविवारी दादाला मला न्यायला पाठव. मंगळवारच्या बारशाला आत्या म्हणून नाव मीच ठेवणार. सख्खी आत्या एकच आहे, हे चुलत-मावस सगळ्यांना सांगून ठेव. मी येईपर्यंत बाळाच्या कानाशी कुणाला जाऊ देऊ नकोस.

तुझी वच्छला

*

उमरेड
बुधवार, ता. १६

चि. वच्छलास,
अनेक आशीर्वाद. नाक मुरडू नकोस, सासूबाईंनी मलाही बजावलं आहे.

पेन्सिलीने लिहिते आहे, तेही गोधडीच्या आत. बाळंतिणीने अक्षराकडे पाहिलं तर डोळे अधू होतात म्हणून माझ्या खोलीतून पंचांगसुद्धा बाहेर नेलं आहे. पेन्सिल आणि कागद तुझ्या दादांनी बाळाला पाहायला आले तेव्हा उशीखाली सरकवून दिले. मघाशी सासूबाईंनी दारातून विचारलं, "काय करून राहिली वं? काहून एवढी चुळबुळ?" मी म्हटलं, "पोराले थोपटून राहिली." तुझं पत्रही मी असंच चोरून तीनदा वाचलं.

तर तू मरिया झालीस. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, खिडकीला पोतं, आणि दिवसातून दोनदा अंगाला तेल. अशा खोलीत पडून तुझ्या पत्रातला व्हरांडा वाचला आणि रडू आलं. सासूबाईंना वाटलं दूध येत नाही म्हणून रडते, तर त्यांनी आणखी एक लाडू आणून दिला. त्या माझं आईसारखं करतात. माझी आई असती तर बाळंतपण माहेरी झालं असतं. तुझी आई मी घेतली नाही वच्छला, पण ती मिळाली तर सोडवतही नाही.

आता नीट लक्ष दे. शालू रेशमी आहे, डोक्यावरून घसरतो, उजव्या कानामागे टाचणी लाव. बाहुला डाव्या हातावर घे. पाळण्याचं दुसरं कडवं सगळ्याजणी वर उचलतात आणि मग शेवटी आवाज चिरकतो. ते खालीच ठेव. समोर मिस ग्रीव्हजकडे बघू नकोस, त्यांचे ओठ आपल्याबरोबर हलतात आणि हसू येतं.

दोन नाताळ मी मरिया झाले. चिंध्यांचा बाहुला मांडीवर घेऊन बसले की सगळा हॉल माझ्याकडे बघायचा. आता मांडीवर खरं मूल आहे आणि माझ्याकडे कुणी बघत नाही. जो येतो तो त्याचं नाक कुणावर गेलं ते बघतो. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला.

मामंजींच्या पुतणी सुभद्राताई रोज येतात. कालच त्यांनी जरीचं टोपडं आणलं. "आत्याबाई आली, आत्याबाई आली," म्हणत त्या बाळाला घेतात. मी मनात तुझं नाव घेते.

तुझी प्रेमा

*

नागपूर
शुक्रवार, ता. १८

सौ. प्रेमा वहिनीस,
नमस्कार.

घोटाळा झाला आहे. कमिशनरसाहेबांच्या मडमबाई पाहुण्या म्हणून यायच्या आहेत, त्या दौऱ्यावर गेल्या. त्यामुळे शनिवारचं नाटक मंगळवारी गेलं. म्हणजे बारसं त्याच दिवशी. तू आईला सांगून बारसं दोन दिवस पुढे ढकल. बाळाला काय कळतं. मला इथून हलता यायचं नाही, शेवटचा प्रवेश माझ्यावाचून होणारच नाही.

तो शेवटचा प्रवेश आता कसा झाला आहे ते ऐक, म्हणजे तुझी करमणूक होईल. बुधवारी तालमीत मरिया बाळाला पाळण्यात ठेवते तिथवर आलो. यमुताईंनी सांगितलं की आता बाळाचं नाव येशू ठेवतात आणि पडदा पडतो. तेवढ्यात चौथीतली एक चिमुरडी म्हणाली, "नाव ठेवून राहिले अन् आत्या कुठी आहे?" मग सगळ्याच सुरू झाल्या. "आत्या नसन त कुर्र कोन करन?" "घुगऱ्या नाही वाटाच्या काय?" यमुताईंनी समजावलं की नाव देवदूताने आधीच सांगितलेलं होतं. पण देवदूत म्हणजे आत्या नव्हे, यावर मुली ठाम. बारसं म्हटलं की आत्या आलीच, हे त्यांच्या डोक्यातून निघेना.

मिस ग्रीव्हज आल्या. त्यांनी त्यांच्या व्याकरणशुद्ध मराठीत सांगितलं, "शास्त्रात आत्याचा उल्लेख नाही." मी उभी राहिले आणि म्हटलं, "पण योसेफाला बहीण नव्हती, असं तरी शास्त्रात कुठे लिहिलं आहे?" त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. यमुताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काहून वं वच्छला, एवढी पुढंपुढं?" पण त्यांना हसू आवरत नव्हतं. शेवटी परवानगी मिळाली. आता योसेफाची बहीण हिरवं लुगडं नेसून येते, बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्र करते, आणि मुली तिच्या पाठीवर धपाटे घालतात. मरिया बिचारी बाजूला बसून राहते. सगळ्यांचं लक्ष आत्याकडे.

तू मरियेबद्दल लिहिलेलं सगळं वाचलं. टाचणीचं लक्षात ठेवलं आहे.

बारसं पुढे ढकलच. सुभद्राताईला म्हणावं, टोपडं आणलं म्हणून कुणी सख्खं होत नाही.

तुझी वच्छला

*

उमरेड
शनिवार, ता. १९

चि. वच्छलास,
आशीर्वाद.

नत्थूजी लुगडी विकायला उद्या नागपूरला निघाले आहेत, त्यांच्या हाती हे देते. उत्तर लिहिलंस तर त्यांच्याच हाती दे, सोमवारी ते परत येतील.

तुझा निरोप मी यांच्याकडून सांगितला. ओसरीवर जे बोलणं झालं ते मी आतून सगळं ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, "बारसं कायले पुढं ढकलू? सोयरे बोलावून झाले, हरभरे आणून झाले." मामंजी म्हणाले, "पोरीची शाळा हाय त राहू दे ना तिले तिथं." सासूबाई म्हणाल्या, "अन् आत्या नसन त नाव कोन ठेवन?"

मग मी आतूनच मोठ्याने बोलले. बाळंतिणीने मोठ्याने बोलू नये, पण बोलले. "आई, ते तिथं मरिया हाय. मरियाच नसन त नाटक कसं होईन? तिले बोलावू नका." तशा सासूबाई म्हणाल्या, "मंग सुभद्रा ठेवन. तिचाबी भाचाच हाय."

असं ठरलं. मीच ठरवलं म्हण. तुला काय वाटेल ते मला कळत होतं, पण ती जागा काय असते हेही मलाच माहीत आहे. निळा शालू डोक्यावर घेऊन बसलं की जगात आपण एकट्या असतो. एवढं एकदा तुला मिळायला हवं. माझ्या मुलाच्या कानात तू पहिला शब्द बोलावास, असं पहिल्या महिन्यापासून माझ्या मनात होतं. ते मी सोडलं. सोडताना जळले, आणि सोडल्यावर हलकं वाटलं.

तुझ्या आईने मघाशी शेजारणींना सांगितलं, "माह्यी पोरगी नागपूरले मडमेसमोर मोठं काम करून राहिली." तू म्हणतेस तिला तुझी आठवण नाही. तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास.

मंगळवारी दुपारी इथे पाळणा म्हणतील तेव्हा मी तुझा पाळणा मनात म्हणीन.

तुझी प्रेमा

*

नागपूर
रविवार, ता. २०

प्रेमा,

वहिनी लिहीत नाही. आज लिहवत नाही.

नत्थूजी फाटकाशी बसले आहेत, त्यांना म्हटलं थांबा. मी मरिया नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मरिया पंचफुला आहे. मला सराईवाल्याचं काम दिलं आहे. डोक्याला फेटा, ओठावर काजळाची मिशी, आणि मरिया-योसेफ दारात आले की म्हणायचं, "जागा नाही." एवढंच वाक्य. यमुताई म्हणतात मी ते फार छान म्हणते. पंचफुलाच्या तोंडावर म्हणायचं असतं ना, म्हणून छान येतं.

तुला लिहायची मला लाज वाटली. जे तुला दोनदा मिळालं ते मला एकदाही मिळालं नाही, हे तुलाच कसं लिहू? म्हणून असं लिहिलं की तुझा समज व्हावा. तुझा समज झाला आणि मला बरं वाटलं. तू हेवा वाटला म्हणून लिहिलंस ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. माझा हेवा करणारं जगात कुणीतरी आहे, आणि ती तू, याचं मला केवढं सुख झालं होतं.

आत्या मीच. मिशी पुसून आणि हिरवं लुगडं गुंडाळून मीच येते. पंचफुलावरचं लक्ष उडावं म्हणून तो शास्त्रार्थ करून मी ते काम उभं केलं. आणि काल तालमीत वाकून त्या चिंध्यांच्या कानाशी तोंड नेलं, तेव्हा एकदम मनात आलं, माझा खरा भाचा उमरेडला आहे आणि मी इथे बाहुल्याशी कुर्र करते आहे. मुलींनी धपाटे घातले, मी रडले. त्यांना वाटलं जोरात लागलं.

तुझं पत्र वाचल्याबरोबर यमुताईंकडे गेले आणि दोन्ही कामं सोडली. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, घरचं माणूस न्यायला आलं तर जा. एकटीला सोडायचा नियम नाही. तेव्हा दादाला मंगळवारच्या पहाटेच्या गाडीने पाठव. दुपारच्या मोटारीने आम्ही परत येऊ. मला उशीर झाला तर पाळण्याची गाणी लांबवायला सांग, पण नाव ठेवू देऊ नकोस. सुभद्राताईला काय वाटायचं ते वाटो. मला दुसरं काही नको. मरिया नको, मडम नको. एवढं एक माझं राहू दे.

वच्छला

*

नागपूर
मंगळवार, ता. २२

सौ. प्रेमा वहिनीस,
नमस्कार.

दादा आला नाही.

सकाळपासून मी ट्रंक घेऊन फाटकाशी बसले होते. प्रत्येक टांगा आला की उठायचे. मिस ग्रीव्हज दोनदा सायकलवरून गेल्या आणि दुसऱ्या वेळी उतरून त्यांनी मला एक संत्रं दिलं. दुपार टळली तेव्हा कळलं की आता घुगऱ्यासुद्धा वाटून झाल्या असतील. तरी बसून राहिले, कारण उठून कुठे जायचं ते सुचेना.

नाटक पालकांच्या रांगेत बसून पाहिलं, ट्रंक पायाशी ठेवून. सराईवाल्याचं काम दुसरीने केलं, आत्या आमच्यातल्याच शोभाने केली. तिला धपाटे पडायला लागले तशा मडमबाई खुर्चीतून उठल्या, त्यांना भांडण वाटलं. सगळा हॉल हसला. पंचफुलाने पाळणा असा म्हटला की माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि तिचा रागही आला. दुसरं कडवं तिने खालीच ठेवलं. तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

हा घात नत्थूजींचा. म्हातारा माणूस, पत्र कोटाच्या खिशात राहिलं असेल, किंवा लुगड्यांच्या गाठोड्यात गेलं असेल. मी त्यांना तीनदा बजावलं होतं. आता दिसले तर मी काय बोलेन मलाच माहीत नाही. तुझ्या हाती पत्र पडलं असतं तर तू दादाला पायी सुद्धा पाठवलं असतंस, एवढं मला ठाऊक आहे.

सुभद्राताईच्या पाठीवर आज धपाटे पडले असतील. माझी पाठ रिकामी राहिली. मला जन्मभर तिचा मत्सर वाटणार, आणि ते मी लपवणारही नाही. नाव काय ठेवलं ते पत्रात लिहू नकोस. गुरुवारपासून सुटी आहे, मी आले की तू स्वतःच्या तोंडाने सांग.

वच्छला

*

उमरेड
गुरुवार, ता. २४, सकाळ

वच्छला,

तुला आणायला हे आताच निघाले. त्यामुळे हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तू आलीस की तुझ्या हातात देईन.

नत्थूजींना काही बोलू नकोस. तुझं पत्र त्यांनी सोमवारी दुपारी, घरी जायच्या आधी, आमच्या ओसरीवर आणून दिलं. यांनी ते उशीखाली सरकवलं. मी ते लगेच वाचलं.

वाचलं आणि परत उशीखाली ठेवलं. संध्याकाळी यांनी विचारलं, "वच्छी काय म्हणते?" मी म्हटलं, "खुशाल हाय. नाटकाची गडबड हाय म्हणते." रात्र अशीच गेली आणि पहाटेची गाडी सुटल्याची शिटी मी बाजेवर पडून ऐकली. तेव्हाही उठून सांगितलं असतं तर हे बैलगाडी घेऊन निघाले असते. मी भिंतीकडे तोंड केलं.

तू मरिया असतीस तर मी जळले असते, आणि तरी माझ्या मुलाचं बारसं तुझ्यावरून ओवाळून टाकलं असतं. टाकलंच होतं. पण तू मरिया नव्हतीस आणि तरी आठवडाभर मला जळवलंस. मी त्या अंधाऱ्या खोलीत तुला कडवी शिकवत होते आणि तुला त्याचं सुख होत होतं. तुझी ती ओळ वाचली आणि मला वाटलं, हिलाही काहीतरी माझ्यापायी गमावू दे. बाळाचं, सासूबाईंचं, कुणाचंही मनात आलं नाही. फक्त तू फाटकाशी बसली असशील हे मनात आलं, आणि ते मला गोड वाटलं.

दुपारपर्यंतच गोड वाटलं. सुभद्राताई बाळाच्या कानाशी वाकल्या तेव्हा मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं, पण बायकांनी कुर्र केलं आणि माझा आवाज त्यात गेला. नाव केशव ठेवलं. तू म्हणाली होतीस पत्रात लिहू नकोस. पण समोर उभं राहून ते नाव तुला सांगायचं तोंड मला उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

घरात कुणाला यातलं माहीत नाही. सासूबाई म्हणतात मुलीने शाळेसाठी मन मोठं केलं. तू सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही.

तू हे वाचशील तेव्हा मी समोर बाजेवर बसलेली असेन आणि बाळ माझ्या मांडीवर असेल. वाचून झाल्यावर मी त्याला पुढे करीन. घ्यायचं की नाही ते तू ठरव.

प्रेमा